पदरातली ज्वारी

आईला मरायच्या आधी एकच काम करायचं होतं. आकांक्षाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या मुलीच्या, लग्नात तिच्या पदराला आपल्या घरची ज्वारी बांधायची. बाकी सगळं तिने सोडून दिलं होतं. गोळी घे म्हटलं की घ्यायची, अमरावतीला दवाखान्यात चल म्हटलं की चपला शोधायची, पण त्यात तिचं मन नव्हतं. मी अकोल्याहून वलगावला यायची, तिच्या खाटेशी बसायची, पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर काय म्हणाले ते विचारायची, आणि ती मलाच विचारायची, "गजेंद्रानं धुऱ्यावरचं गवत काढलं का वो?" गजेंद्र माझा धाकटा भाऊ, आकांक्षाचा बाप. मला असा संताप यायचा की काही सांगायची सोय नाही.

ही ज्वारी आईने आपल्या लग्नात माहेराहून, अंजनगाव सुर्जीहून आणली होती. तिला नाव नव्हतं. दाणा बुटका, पांढराफेक, टोकाशी जरासा पिवळट. भाकरी सकाळी केलेली संध्याकाळीही मऊ. आईच्या माहेरची रीत अशी, की घरातली मुलगी सासरी निघाली की तिच्या पदराच्या टोकाला मूठभर ज्वारी बांधायची. तिने ती सासरच्या वावरात पेरायची, जपायची, आणि पुढे आपल्या लेकीला द्यायची. आणि ही लग्नाची ज्वारी कणीस कापून घ्यायची नाही. अख्खं ताट मुळासकट उपटायचं, मुळाची माती नुसती झटकायची, पेंढी बांधून खळ्यावर वाळवायची आणि तिथेच बडवायची. "मूळ तोडून लेकीले बी देऊ नाई," आई म्हणायची, "लेक रुजत नाई." लहानपणी मला हे फार छान वाटायचं. आता कोणी म्हटलं तर मी उठून जाईन.

माझ्या पदरालाही तिने बांधली होती. चांदूर बाजारला सासर. सासू गोदाबाई, तोंडाने फाटकी आणि हाताने सढळ. पहिल्या वर्षी ज्वारी अशी आली की तीच बाई शेजारणींना हाताला धरून वावरात नेऊन दाखवायची. तिसऱ्या वर्षी टारफुला आला.

टारफुला ज्याने पाहिला नसेल त्याला सांगते. वीतभराचंही नसतं ते झाड. बारीक, खरबरीत पानं, आणि त्यांच्या बगलेत पांढरी फुलं, नाकातल्या खड्याएवढी. दहा जण बाजूने जातील, एकाचंही लक्ष जाणार नाही. दिसायला इतकं गरीब, की पहिल्यांदा मी ते खुडून केसात खोचलं होतं. त्याचं बी म्हणजे तपकीर. फुंकर मारली तर उडेल. ते मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. वखरा, नांगरा, त्याला काही नाही. ज्वारीचं मूळ जवळ आलं की मगच ते उठतं आणि त्या मुळाला तोंड लावतं. वर यायची त्याला घाई नसते. कितीतरी दिवस खालच्या खाली पीत राहतं. वर चिखल असतो आणि ज्वारी मात्र दुष्काळात असल्यासारखी माना टाकते. तुम्ही म्हणता, खत कमी पडलं, युरिया टाकू. मग एक दिवस बुडाशी ती पांढरी फुलं दिसतात, आणि तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

चार-सहा वर्षांत सासरची ज्वारी बसली. नुसती आमच्या वाणाची नाही, सगळीच. कडबा विकत घ्यायची वेळ आली, मग गाई विकायची. गोदाबाईने कारण शोधून ठेवलेलंच होतं. "आमच्या वावरात कधी टारफुला नवता. हे आली आन् हिच्या मांगं मांगं आला. पांढऱ्या पायाची हाय हे." पाण्याला आलेल्या बायकांसमोर म्हणायची, पाहुण्यांसमोर म्हणायची. मीही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. "आत्याबाई, तुमचं वावरच भिकार हाय, मले कायले बोलता?" असं तोंडावर म्हणायची. मग दोन दिवस चूल वेगळी. नवऱ्याची अकोल्याला बदली झाली तेव्हा मी सुटले; पण खोटं कशाला बोलू, ते 'पांढऱ्या पायाची' माझ्याबरोबर अकोल्यालाही आलं. पोराला ताप आला तरी मला आधी तेच आठवायचं.

आईला सांगितलं तर ती म्हणायची, "जमीन खराब असन त्यायची." तिच्या स्वतःच्या तुकड्यातही टारफुला यायचा. तेव्हाही ती हेच म्हणायची, जमीन खराब. मग दोन-तीन वर्षांनी जागा बदलायची. आज धुऱ्याकडेला, शेताच्या बांधाशी, उद्या नाल्याकडेला. अशी फिरता फिरता आमची सगळी शेती फिरून झाली. नंतर सोयाबीन आलं, बाबांनी ज्वारीचं नाव टाकलं, आणि आईजवळ उरलं एक गाडगं. राख घालून, तोंडाला फडकं बांधून ते तिने देवघराच्या वर ठेवलेलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात गजेंद्रने संत्र्याचा बगीचा तोडला. डिंक्या रोगाने झाडं वाळली होती. आकांक्षाचं लग्न अकोटकडच्या अंकुरशी ठरलं तेही त्याच सुमारास. आईने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि खाटेवर उठून बसली. कितीतरी महिन्यांत ती अशी आपली आपण उठली नव्हती.

"थ्या बगीच्यात जलमात जवारी नाई पेरली कोनी," ती बाबांना म्हणाली. "सासऱ्यायनं संत्रा लावला त्याच्या आंधी तिथी निरा पडीत व्हता. तिथी टारफुला कुठून येईन? तिथी पेरा."

बाबा, म्हणजे खुशालराव, आयुष्यात बायकोच्या कोणत्याही बोलण्याला 'हो' म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले. गाडगं खाली काढलं. आईने एक दाणा पुढच्या दातांत धरला, कट्कन फोडला, जिभेवर घोळवला. बी जिवंत की मेलेलं हे ती असंच बघायची, आणि कधी चुकायची नाही. "जित्तं हाय," ती म्हणाली, आणि हसली. तळाशी ओंजळभर ठेवून बाकी सगळं पेरलं.

ज्वारी आली. म्हणजे काय आली! गुडघ्याएवढी झाली तेव्हा गजेंद्रने आईला ट्रॉलीत गादी टाकून वावरात नेलं. ती खाली उतरू शकत नव्हती. ट्रॉलीतूनच हात लांब करून तिने एक पान धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. "आता मेलो तरी चालते मले," म्हणाली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका असं पुरुषासारखंच बोलतात, मी जातो, मी मेलो. मी तिला म्हटलं, "आदी पोरीचं लगन तर होऊ दे, मंग मर." ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना मी पुन्हा आले. आंबिलीची तयारी चालली होती, घर बायकांनी भरलेलं. मखराला लावायला ज्वारीची दोन ताटं पाहिजे होती म्हणून मी एकटीच बगीच्यात गेले. वाकून ताटाला हात घातला आणि बुडाशी पांढरं दिसलं.

मी तिथेच मातीत बसले. नव्या साडीचंही भान राहिलं नाही. आधी वाटलं, दुसरं काही असेल. पण ती पानं, ते फूल, माझ्यासारखं कोण ओळखणार! इथे एक, तिथे तीन, पलीकडच्या ओळीत झुबकाच. फार नव्हता. पीक मारण्याइतका अजिबात नव्हता. पहिल्या वर्षी चांदूर बाजारलाही असाच असेल. आम्ही बघितला नसेल, एवढंच. मी एक उपटला. त्याच्याबरोबर ज्वारीचं मूळ आलं, आणि दोघांचं कुठे संपतं आणि कुठे सुरू होतं ते कळेना.

मग डोकं चालायला लागलं आणि मला ते थांबवता येईना. इथे कधी ज्वारी नव्हती. गोठा कधीचाच रिकामा, म्हणून शेणखत पडलं नव्हतं. बगीचा उंचावर, दुसऱ्याच्या वावरातलं पाणी इथे येत नाही. या मातीत बाहेरून एकच गोष्ट आली होती.

घरी येऊन मी ताटं मखराला बांधली, आरतीत टाळ्या वाजवल्या. निघताना गाडग्यातली ती तळाची ओंजळ रुमालात बांधून अकोल्याला नेली. आमच्या खालच्या मजल्यावर माधवीताई राहतात, शेतीखात्यात नोकरीला. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी पांढरं फडकं पसरलं, ज्वारी त्यावर ओतली, हलवली आणि दाणे बाजूला काढले. फडक्यावर तपकिरीसारखी बारीक धूळ राहिली. माधवीताईंनी भिंग आणलं, बराच वेळ बघितलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"राख आहे थोडी," त्या म्हणाल्या. "पण बाकीचं टारफुल्याचं बी आहे. बियाणं काढताना टारफुल्याची झाडं बरोबर येत असतील."

"मुळासकट उपटतो आम्ही," मी म्हटलं. "रीत आहे आमच्यात."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. त्यांना काय बोलायचं होतं ते मला कळलं. मुळाला धरून टारफुला येणार, पेंढीत बांधला जाणार, खळ्यावर वाळणार, फुटणार, आणि ज्वारीबरोबर बडवला जाणार. लेक रुजावी म्हणून जे करायचं, त्यातूनच हे चाललं होतं. धुऊन, चाळून जाईल का, असं मी विचारलं. "बरंच जाईल," त्या म्हणाल्या. "सगळं जाईल असं मी सांगणार नाही. आणि जरासं राहिलं तरी पुष्कळ होतं."

त्या दिवशी मला गोदाबाई आठवली. ती बरोबर होती. माझं सगळं तारुण्य जिच्याशी भांडण्यात गेलं, ती म्हातारी शब्दन् शब्द खरं बोलत होती. मी आले आणि माझ्या मागे टारफुला आला. मागेसुद्धा नाही, माझ्या पदरात आला. तिला जाऊन हे सांगावं, तर तीही उरली नव्हती. मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, आणि कोणासाठी रडत होते ते मला धड सांगता येणार नाही.

गजेंद्रला सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, लगनाच्या घरात हे काय काढलं तू?" बाबांना सांगितलं. ते तंबाखू मळत ऐकत होते.

"तुह्या आईले सांगू नको," ते म्हणाले. "तिनं किती पोरीयले देल्ली जवारी, मालूम हाय ना तुले? माह्या दोन बहिनी, त्यायच्या पोरी, तिच्या भावाची पोरगी. साऱ्यायनं जवारी सोडली. सारे म्हनतात टारफुला आला. तिले हे समजलं तं ते आजच मरन."

दुसऱ्या दिवसापासून बाबा पहाटे बगीच्यात जाऊन टारफुला वेचायला लागले. गुडघे धरून, वाकून, शर्टाच्या ओच्यात भरून आणायचे आणि चुलीत टाकायचे. उपटला तरी काही दिवसांनी शेजारी दुसरा वर आलेला असायचा. आई खाटेवरून विचारायची, "एवढ्या सकायी कुठी जाऊन राह्यले रोज?" बाबा म्हणायचे, "पाखरं हाकलाले." तिला ते इतकं आवडायचं! आपल्या ज्वारीसाठी नवरा पहाटे उठतो, हे ती येईल त्या बाईला सांगायची.

दिवाळीनंतर ज्वारी निघाली. आईला खळ्यावर खाटेसकट नेलं. ती बोट दाखवत होती, हे ताट, ते ताट, आणि गजेंद्र मुळासकट उपटत होता. मला राहवलं नाही. "आई, या टायमाले वरूनच कापू ना कनसं. माती येते मुळाले."

"येऊ दे ना माती. मूळ तोडाले सांगतं का मले?"

"मंग पान्यानं धुवून तरी घेऊ."

"बियाले पानी लावत असतात का?" ती इतक्या जोरात ओरडली की उपटणारे हात थांबले. "लेकीचं बी हाय थे. काहून अशी करून राह्यली तू? तुह्यावाली नाई रुजली म्हनून माह्या नातीची बी रुजू नाई का?"

हे तिने चारचौघांत म्हटलं. मी पेंढी बांधायला घेतली. दुखण्याने बोलतेय, असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र ते लागलं, आणि अजून लागतं.

अंकुरच्या घरी ज्वारीच असते. म्हशी आहेत, कडबा लागतो. सोयाबीनच्या लाटेतही त्यांनी ज्वारी सोडली नव्हती, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. आकांक्षा शिकलेली मुलगी, पण आजीच्या ज्वारीसाठी वेडी. तिने आधीच अंकुरशी बोलून वावराच्या मधोमध जागा ठरवली होती. मला तिच्याकडे बघवत नसे. मला दिसायचं, तिसऱ्या वर्षी ही पोर वावरात उभी आहे, बुडाशी पांढरी फुलं आहेत, आणि कोणीतरी म्हणतंय, आमच्या वावरात कधी टारफुला नव्हता.

बाजारची ज्वारी आणून बदलावी, तर आईच्या बोटांना दाणा ओळखू आला असता. तिला सांगावं, तर बाबांनी हात जोडले होते. लग्नाच्या आदल्या दुपारी बायका मांडवात हळदीला बसल्या होत्या. मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं, तवा ठेवला, आणि पदरासाठी वेगळी काढलेली ज्वारी मंद आचेवर भाजली. लाही फुटणार नाही, रंग बदलणार नाही, एवढीच. हाताने सारखी हलवत होते, त्यामुळे बोटं भाजली. बाहेर गाणी चालली होती. राहिलेली सगळी ज्वारी मी आधीच गिरणीतून दळून आणली होती, मांडवातल्या भाकरीसाठी. पाहुणे त्या भाकरीची तारीफ करून करून जेवले.

निरोपाच्या वेळी आईला खुर्चीत बसवून आणलं. नवी लुगडी तिला पेलवत नव्हती, म्हणून साधंच पातळ नेसवलं होतं. आकांक्षा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली, पदर पुढे केला. बँड वाजत होता, कोणीतरी व्हिडिओ काढत होतं. मी ताटलीत ज्वारी घेऊन उभी होते. आईने मूठ भरली, आणि मग त्यातला एक दाणा उचलून दातांत धरला.

मी हे विसरले होते. साऱ्या गोष्टी लक्षात ठेवल्या, गिरणी, आच, रंग, आणि जन्मभर पाहिलेली हीच गोष्ट विसरले.

दाणा कट्कन फुटला नाही. भुगा झाला. आई चावत राहिली. मग तिने मान वर करून पाहिलं. आकांक्षाकडे नाही, माझ्याकडे.

"रागिणी, हे मेलेलं हाय," ती म्हणाली. बँडच्या आवाजात ते माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेलं नाही.

मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं. काय सांगणार होते कोण जाणे. तिनेच विचारलं, "टारफुला बगीच्यात बी आला व्हता का?"

"हो."

आईचं डोकं शेवटपर्यंत साफ होतं. तिच्या डोळ्यांसमोरून एकेक मुलगी जाताना मला दिसत होती. बाबांच्या बहिणी, त्यांच्या पोरी, अंजनगावची भाची. शेवटी ती माझ्यापाशी येऊन थांबली.

"मंग तुह्यावाला बी माह्यानंच आला," ती म्हणाली. "आन् मी म्हनो, जमीन खराब."

"आई, राहू दे आता ते."

"मले बी सासू पांढऱ्या पायाचीच म्हने," ती म्हणाली. एवढंच. माझी आजी, तिची सासू, तिला काय म्हणायची हे आम्हाला तिने कधी सांगितलं नव्हतं.

आकांक्षा खालून म्हणाली, "आजी, काय झालं? बांध ना." आईने ती भाजलेली ज्वारी तिच्या पदराच्या टोकात घातली आणि गाठ मारली. बोटांत जोर नव्हता तरी गाठ घट्ट मारली, आणि वरून आणखी एक.

"आजी, कधी पेरू?"

"मिरगात पेरजो," आई म्हणाली.

त्यानंतर तिने ज्वारीचं नाव काढलं नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायची. मी जवळ बसले तर हात धरायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "गोदाबाई हाय का गेली?" गेली, असं मी म्हटलं. "बरी व्हती बिचारी," आई म्हणाली. होळीच्या आधी ती गेली. बाबा अजून पहाटे उठतात. बगीच्यात आता सोयाबीन आहे, तिथे वेचायला काही नाही. तरी जाऊन येतात.

आकांक्षाला मी खरं सांगायला हवं होतं, असं गजेंद्रची बायको म्हणते. तिला सोपं आहे म्हणायला. मी ठरवलं होतं, पोर एकदा सासरी रुळू दे, मग सांगू. उगवलं नाही तर नाही उगवलं. बी जुनं होतं म्हणता येईल, दुसरं पेरतील, विसरून जातील. टारफुला तरी जाणार नाही तिच्याबरोबर. 'पांढऱ्या पायाची' तरी तिला कोणी म्हणणार नाही. एवढ्यासाठी तर मी आईची ज्वारी तव्यावर घातली होती.

आषाढात तिचा फोन आला. मी भाजी निवडत होते.

"आत्या, आजीची जवारी उगवलीच नाई वो," ती म्हणाली. "बाजूची सारी आली. माह्यावाला पट्टाच उघडा दिसून राह्यला, मधोमध. येनारा जानारा पायते."

"असं होते कधी कधी," मी म्हटलं. "परत पेर दुसरी."

"तसं नाई आत्या. सासू म्हनते, नव्या सुनेच्या हातचं बी मेलं, आमच्या वावरात असं कधी झालं नवतं." ती रडायला लागली. "काल पाण्याले गेलो तं बाया बोलून राह्यल्या व्हत्या. पांढऱ्या पायाची म्हनत व्हत्या मले. आत्या, काहून नाई उगवली वो? तू सांग ना. बी तं चांगलं व्हतं ना आजीचं?"

माझ्या हातात मेथीची जुडी होती. ती मी खाली ठेवली. सांगावं का, असं मनात आलं. सांगितलं तर ती सासूला सांगणार, सासू गावाला सांगणार, आणि आईचं नाव घेऊन घेऊन लोक बोलणार. बाबा अजून जिवंत आहेत. पलीकडे पोर रडत होती आणि उत्तराची वाट बघत होती.

"बी चांगलंच व्हतं," मी म्हटलं. "जमीन खराब असन त्यायची."